लोहकरेबाईंची साडेपाचची गाठ

अर्धी दाढी झालेली असताना मी साहेबांच्या मेलला उत्तर दिलेलं आहे. चुलतभावाच्या लग्नात एका मुठीत अक्षता आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून 'अहवाल सोबत जोडला आहे' असं टाइप केलेलं आहे, आणि शेवटचं मंगलाष्टक संपून सगळ्यांनी अक्षता टाकल्या तेव्हा माझ्या अक्षता मुठीतच राहिल्या होत्या. त्या मी नंतर जेवणाच्या पंगतीत खिशातून काढून गुपचूप पानाखाली सारल्या. घरी बायको वाढताना विचारायची, "फोनला पण एक ताट करू का?" मी म्हणायचो, "दोनच मिनिटं." त्या दोन मिनिटांत आमटी गार व्हायची, आणि गार आमटी खाणारा माणूस म्हणजे कामाचा माणूस अशी माझी पक्की समजूत होती.

ही समजूत ज्या बाईंनी एका शब्दाचाही उपदेश न करता उतरवली, त्या लोहकरेबाई. आमच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलाला होत्या. ऑफिस कुठलं ते सांगत नाही. साहेब अजून नोकरीत आहेत आणि मीही आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची कामं बघणारं एक सरकारी ऑफिस, एवढं पुरे. मी तिथं वरिष्ठ सहायक. म्हणजे कागदावर बाईंपेक्षा वरचा, आणि बाकी सगळ्या बाबतींत काय होतो ते पुढे येईलच.

बाई डिंभ्याच्या, धरणाकाठच्या. शिपाई म्हणून नोकरीला लागल्या, खात्याची परीक्षा देऊन लिपिक झाल्या. बुटक्या, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला, पायांत रबरी चप्पल. बोटांवर बारीक बारीक पांढऱ्या चिरा असायच्या. आयुष्यभर कागद चाळल्यानं कापलं असेल असं मला वाटायचं, आणि तेवढ्यावरून मला त्यांची दयाही यायची. पहिल्या गाडीनं त्या नऊच्या आधी यायच्या आणि कुलूप उघडेपर्यंत पायरीवर बसून राहायच्या. त्या बदल्यात कुणा जुन्या साहेबांकडून त्यांनी लेखी परवानगी घेऊन ठेवली होती, साडेपाचला निघायची. तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता. साहेब बदलत गेले, काच बदलली, कागद तसाच.

बाईंचा कारभार साधा होता. टपाल दिवसातून दोनदा उघडायचं, दहाला आणि तीनला. मधल्या वेळात आलेलं सगळं एका पत्र्याच्या डब्यात. प्रत्येक कागद हातात घेतला की आवकचा नंबर टाकायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचं, "कुणाचं? आजचं का उद्याचं? का नुसतंच बोलायचं?" त्याप्रमाणे तीन गठ्ठे. 'नुसतंच बोलायचं' म्हणजे ज्यावर कुणी काहीच करायचं नसतं, फक्त कळवलं असं दाखवायचं असतं, असे कागद. तो गठ्ठा सगळ्यात उंच व्हायचा. साडेपाचला आजचा गठ्ठा संपलेला असायचा आणि उद्याच्या गठ्ठ्याला बाई निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं गाठ मारायच्या. गाठ बसली की त्यात कागद जायचा नाही आणि त्यातून निघायचा नाही. साहेब स्वतः दारात कागद हलवत उभे राहिले तरी बाई शांतपणे म्हणायच्या, "गाठ मारली, साहेब. सकाळी पयलं तुमचंच."

ऑफिसात मेल आलं तेव्हा बाईंना संगणक शिकवायची जबाबदारी साहेबांनी माझ्यावर टाकली. मी तीन दिवस एखाद्या प्राध्यापकाच्या थाटात शिकवलं. बाईंनी शंभर पानी वहीत सगळं उतरवून घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी एकच शंका विचारली.

"भाऊ, हे मेल यायचं बंद कधी व्हतं?"

"बंद होत नाही, बाई. चोवीस तास येतं."

"मंग पोस्टमन जेवतो कधी?"

मी ही गोष्ट चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून हशा मिळवला. बाईंनी मात्र त्यावर दोन दिवस विचार केला आणि मेलसुद्धा दहाला आणि तीनलाच उघडायचं ठरवलं. प्रत्येक मेलची एक चिठ्ठी करायची, चिठ्ठीवर नंबर आणि एक ओळ, आणि ती चिठ्ठी तीनांपैकी एका गठ्ठ्यात. माझ्या मोबाईलवर मात्र ऑफिसचं मेल, साहेबांचा ग्रुप, कर्मचाऱ्यांचा ग्रुप, साहेबांशिवायचा कर्मचाऱ्यांचा ग्रुप, असं सगळं एकाच वेळी किणकिणत असायचं.

"बाई, सव्वाअकराला साहेबांचं मेल आलंय, बघितलं का?"

"तीनला बघते."

"तातडीचं आहे."

"काय म्हनत्यात?"

मला सांगता आलं नाही, कारण मी ते शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. नुसतं 'होय सर' असं उत्तर पाठवून मोकळा झालो होतो.

बाईंची आणखी एक सवय. पावणेसहाची डिंभ्याची शेवटची गाडी कधी साडेपाचला यायची, कधी सव्वासहाला, कधी यायचीच नाही. तरी बाई रोज पावणेसहाला पाच कमी असताना स्टँडवर हजर. एकदा मी म्हटलं, "बाई, गाडीलाच वेळ नाही, तुम्ही कशाला पळता?" तर म्हणाल्या, "गाडीला येळ नसंल, भाऊ. आपल्याला असावी की." हेही मी टपरीवर सांगितलं. त्या वेळी मला वाटायचं, या बाईंना घरी जायची घाई आहे, कामाची नाही. घरी जाऊन असं काय करायचं असतं माणसानं, हा प्रश्न मी तेव्हा मनापासून विचारत असे. मी स्वतः घरी जाऊन ऑफिसचंच काम करायचो.

आता माझ्या कर्तबगारीचा पहिला नमुना.

एका संध्याकाळी सातच्या सुमाराला मी पेठला घरी जेवायला बसलो होतो. वरच्या ऑफिसातून मेल आलं: उद्या सकाळी अकरा वाजता गावोगावच्या सर्व कर्मचाऱ्यांची नोंदवह्यांसह तपासणी. मी घास तोंडात असतानाच ते मेल ग्रुपवर टाकलं, आणि खाली माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं: 'अनुपस्थिती गांभीर्याने घेतली जाईल.' हे वाक्य मला फार आवडलं. मग पाऊण तास मी ग्रुपवर शंकांना उत्तरं देत होतो. कुठल्या नोंदवह्या, किती वर्षांच्या, झेरॉक्स चालेल का. आमटीवर साय धरली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. आहुप्याच्या बाजूचे, आण्याचे, घाटाखालचे, सगळे आले होते. कुणी वह्या खताच्या गोणीत भरून आणल्या होत्या. एक जण पहिली गाडी गाठायला पहाटे डोंगर उतरून आला होता. साडेअकरा झाले, बारा वाजले, तपासणीला कुणी येईना. मी वरच्या ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "अहो, काल लगेच दुसरं मेल पाठवलं होतं. पहिलं पत्र चुकून तुम्हाला आलं, ते दुसऱ्या विभागाचं होतं." मी मोबाईल चाळला. सात वाजून वीस मिनिटांनी ते आलेलं होतं. मी त्या वेळी झेरॉक्स चालेल का याचं उत्तर लिहीत होतो.

मी बाईंच्या टेबलाशी गेलो. त्यांनी दहालाच दोन्ही मेल उघडली होती, दोन्हींची मिळून एक चिठ्ठी केली होती, आणि ती 'नुसतंच बोलायचं'मध्ये गेली होती.

"तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही?"

"मी मानसं बगून तुमच्याकडं आले व्हते, भाऊ. दोनदा आले. तुमी फोनवर व्हता, हातानं थांबा म्हनला."

मग हळू आवाजात म्हणाल्या, "टपाल जरा डब्यात राहू द्यावं. डब्यात दोन मासं टाकलं का मोटा बारक्याला खातो. तसं दुसऱ्या मेलनं पयल्याला खाल्लं व्हतं. तुमी बारक्यालाच हातात धरून गाव गोळा केलं."

गोणीवाला माणूस माझ्याकडे बघत बघत चहा प्याला. ती बघण्याची तऱ्हा मला अजून आठवते. तेव्हापासून ग्रुपवर मी काहीही टाकलं की कुणी ना कुणी विचारायचं, "राव, ह्याला अजून दुसरं मेल यायचंय का?"

बाईंची गाठ मी एकदाच सुटलेली पाहिली. उन्हाळ्याचे दिवस होते. साडेपाचला बाई गाठ मारून उठणार, एवढ्यात डोंगराकडच्या एका वाडीतला म्हातारा आत आला. हातात वहीच्या पानावर लिहिलेला अर्ज. वाडीच्या विहिरीचं पाणी बिघडलं होतं, तीन-चार घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले होते. बाईंनी अर्ज उभ्याउभ्या वाचला, "हे आजचं," असं म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून गाठ सोडली. आधी आरोग्य केंद्राला फोन केला, तिथली नर्स फोनवर येईपर्यंत सोडला नाही. मग टँकरचं पत्र स्वतः टाइप केलं, साहेबांची सही घेतली, ते ज्याला पाठवायचं त्याला पाठवलं, आणि त्याला फोन करून ते त्याच्याकडून वाचून घेतलं. म्हाताऱ्याला पाणी दिलं. एवढं झाल्यावर पुन्हा गाठ मारली. सव्वासहा झाले होते. मी तोवर ग्रुपवर 'विहिरीबाबत कार्यवाही सुरू' असं टाकलं होतं. माझा सहभाग तेवढाच.

त्या दिवशी गाडी नेमकी वेळेवर येऊन गेली होती. बाई स्टँडवर जाऊन परत आल्या. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच घालमेल पाहिली.

"भाऊ, तुमची मोटरसायकल हाय. डिंभ्याला सोडता का? उजेड हाय तवर पोचायला पायजे."

धरणाच्या कडेला पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. काठावर एक उंच, वाळलेला माणूस जाळ्याच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला होता. बाईंचे मालक, भिमाजी. मला बघून त्यांनी हात जोडले, तेव्हा दिसलं की उजव्या हाताची तीन बोटं नाहीत. भातगिरणीच्या पट्ट्यात गेली, असं बाईंनी नंतर सांगितलं. त्या हातानं वल्हं धरता येतं, जाळं सोडता येत नाही. जाळं सोडायला बारीक बोटं लागतात. बाईंनी चपला काढल्या, पदर आणखी घट्ट खोचला आणि होडीत बसल्या. मी, आलोच आहे तर, म्हणून मागे बसलो.

भिमाजी वल्हवत होते. बाई जाळ्याची एकेक घडी उलगडून पाण्यात सोडत होत्या. जुन्या रबरी चपलांचे तुकडे कापून केलेले तरंगते ठोकळे एकामागून एक पाण्यावर पसरत गेले. कुठं दोरा सुटलेला दिसला की बाई अंधारातच चाचपून गाठ मारायच्या. तोच निळा दोरा. आणि बोटांवरच्या त्या चिरा कागदाच्या नव्हत्या.

मधोमध गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बराच वेळ फोन वाजलेला नाही. काढून बघितला, रेंज नव्हती. मी तो उजवीकडे धरला, डावीकडे धरला, मग डोक्याच्या वर धरून अर्धवट उभा राहिलो. होडी कलली.

"बसा, भाऊ," बाई म्हणाल्या. "हितं हुबं राहत न्हाईत."

"साहेबांचा फोन आला असेल तर..."

भिमाजी पहिल्यांदाच बोलले. "हितं रेंज न्हाई, पावणं. म्हनून तर मासं राहत्यात."

मी बसलो. पुढचा अर्धा तास मला फार जड गेला. मी न बोलता बसलोय आणि कुणाला माझी गरज पडलेली नाही, याची मला सवय नव्हती.

काठावर आल्यावर भिमाजी होडी बांधायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या पगारात घर चालतं, भाऊ. मासं इकून काय लई मिळत न्हाई. पर बोटं गेल्यावर ह्यो मानूस सा म्हयनं भिताडाकडं तोंड करून पडून व्हता. जाळं टाकाया लागला तवा उटला. ज्या दिशी जाळं पडत न्हाई, त्याच्या दुसऱ्या दिशी जेवत न्हाई." एवढंच. मी घरी आलो तोवर फोनवर एकोणीस मेसेज जमले होते. सगळे 'नुसतंच बोलायचं'.

इतकं समजल्यावर शहाणा माणूस सुधारला असता. मी चार महिन्यांनी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

मंचरला पेट्रोलपंपावर रांगेत होतो. पुढे दोन गाड्या. साहेब रजेवर, चार्ज माझ्याकडे. मेल आलं: नव्यानं सुरू होणाऱ्या केंद्रासाठी आवक-जावकच्या एका अनुभवी लिपिकाचं नाव तात्काळ कळवावं, सहा महिन्यांची प्रतिनियुक्ती, तपशील सोबत जोडला आहे. मला आनंद झाला. बाईंचं कौतुक करायची अशी संधी कधी मिळणार? मी लिहिलं: 'श्रीमती लोहकरे. अत्यंत कार्यक्षम, शिस्तप्रिय व अनुभवी.' ही तीन विशेषणं मला इतकी बरी वाटली की सोबत जोडलेला तपशील उघडायचा राहिला. तेवढ्यात पेट्रोलचा नंबर आला.

आठवड्यानं सकाळी दहाला बाईंनी मेल उघडलं. एका मेलपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग आवकचा नंबर टाकला, चिठ्ठी लिहिली आणि ती उद्याच्या गठ्ठ्यात ठेवली. त्यांचा चेहरा बघून मी विचारलं, "काय आहे, बाई?"

"माझंच हाय. येक तारखंपासनं. आजचं न्हाई."

मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. केंद्र आण्याला होतं. जुन्नर तालुक्याचं पार पूर्वेचं टोक, कोरडं पठार. डिंभ्याहून तीन गाड्या बदलून जायचं. संध्याकाळी परत यायचा प्रश्नच नाही, तिथंच खोली घेऊन राहावं लागणार. सोबत जोडलेल्या त्या तपशिलात पहिल्याच ओळीत आण्याचं नाव होतं.

"बाई," मी म्हणालो, "तुमचं नाव कुणी दिलं माहीत आहे का?"

"ठाव हाय. जावक माझ्याकडंच असतंय की." त्यांनी जावकची नोंदवही उघडून माझ्यापुढे केली. माझ्या मेलची नोंद त्यांच्याच अक्षरात होती, आठवडाभरापूर्वीची. "त्यांचं मेल आल्याव चार मिन्टात तुमचं उत्तर गेलं. दोन्हीवर येळ असती."

"मग आठ दिवस बोलला का नाही?"

"नाव तुमी चांगल्या मनानं दिलंत, भाऊ. पर मला इचारलं न्हाई. आन् मला इचारावं असं ज्याला वाटत न्हाई, त्याला सांगून काय करू?"

मला ओरडल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. त्या ओरडल्या नाहीत. नोंदवही बंद करून पुढचं मेल उघडलं. जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "मालकाला अजून सांगितलं न्हाई. जाळ्याचं काय न्हाई, जाळं सुकलं तर सुकलं. मानूस सुकतो." त्यांचा आवाज हलला. त्यांना त्या टेबलाला इतकी वर्षं बघत आलो, पण त्यांचा आवाज हललेला मी ऐकला नव्हता, आणि तो हलवायला माझी चार मिनिटं पुरली होती.

सवयीप्रमाणे माझा हात फोनकडे गेला. 'चुकून नाव गेलं' असं मेल मी तिथल्या तिथं लिहायला घेतलं, आणि थांबलो. वाटलं, डब्यात राहू द्यावं. कदाचित दुसरं मेल येईल आणि या आदेशाला खाईल. दहाला बघितलं, तीनला बघितलं. दोन दिवस झाले. दुसरं काहीच आलं नाही. मग कळलं की या वेळी दुसरं मेल मलाच लिहायचंय.

आयुष्यात पहिल्यांदा मी एक मेल कागदावर लिहिलं. तीन पानं झाली. त्यात धरण होतं, बोटं होती, माझा पश्चात्ताप होता, आणि बाईंविषयी आणखी सहा विशेषणं होती. मग बाईंचे प्रश्न मी माझ्या तीन पानांना विचारले. कुणाचं? माझं. आजचं का उद्याचं? आजचं. बाकी सगळं नुसतंच बोलायचं. खोडत खोडत चार ओळी उरल्या: श्रीमती लोहकरे यांचं नाव मी त्यांना न विचारता कळवलं. ती चूक माझी. त्यांच्या जागी मी आण्याला जायला तयार आहे. आवक-जावकचं काम मला येतं. शेवटच्या ओळीबद्दल मला स्वतःला खात्री नव्हती.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी मेल दहाला आणि तीनलाच बघितलं. शिस्त म्हणून नाही. माझा मोबाईल बाईंनी त्यांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून घेतला होता, आणि मी मागायला गेलो की म्हणायच्या, "तीनला." नवव्या दिवशी तीनला त्यांनी मेल उघडलं, नंबर टाकला, चिठ्ठी लिहिली आणि उठून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"तुमचं हाय," म्हणाल्या. "आजचं."

आभार वगैरे मानले नाहीत. मला ते मानले जावेत अशी आशा होती, खोटं कशाला बोलू. मी आण्याला निघायच्या दिवशी त्यांनी निळ्या दोऱ्याचं एक रीळ दिलं. "आण्याला पानी न्हाई," म्हणाल्या. "पर गाठ मारता येईल."

आण्याला एक खोली, एक टेबल, एक खिडकी आणि रात्रंदिवस वारा. रेंज होती ती गाडीच्या थांब्यापाशी, तीही एका दगडावर उभं राहिलं तर. पहिल्या आठवड्यात मी साडेपाचला गाठ मारायचो, सहाला सोडायचो, दगडावर जाऊन उभा राहायचो आणि परत येऊन पुन्हा मारायचो. गावातली म्हातारी माणसं थांब्यावर बसून माझी ही येरझार बघायची. एकानं विचारलं, "पावणं, कुणाची वाट बगता?" दुसऱ्या महिन्यात दगडावर जाणं कमी झालं. सुट्टीला पेठला आलो की फोन जेवताना फडताळात. बायकोनं पहिल्या दिवशी मला कपाळाला हात लावून बघितलं, ताप आहे का म्हणून.

सहा महिन्यांचं सव्वा वर्ष झालं. परत आलो तेव्हा बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. निरोपाच्या दिवशी साहेबांनी समारंभ ठेवला चारला, सुरू झाला पाचला. शाल, नारळ, साडी झाली आणि साहेब बोलायला उठले. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. साडेपाच झाले तेव्हा साहेब बाईंच्या वक्तशीरपणाबद्दलच बोलत होते. बाई उठल्या, साहेबांना वाकून नमस्कार केला, "गाडी हाय, साहेब," म्हणाल्या आणि नारळ काखेत मारून निघाल्या. साहेबांचं वाक्य अर्धं राहिलं. टाळ्या मीच आधी वाजवल्या.

त्यानंतर बाई एकदाच दिसल्या. सहा-सात महिने झाले असतील. एक जुनं पत्र सापडत नव्हतं, साहेबांना ते परवाच्या बैठकीला हवं होतं, आणि ते कुठल्या गठ्ठ्यात आहे हे सांगणारं माणूस एकच होतं. फोन केला तर रेंजच्या बाहेर. मोटरसायकल काढली आणि डिंभ्याला गेलो. इतकं शिकूनसुद्धा मी ऑफिसच्या कामासाठी संध्याकाळी कुणाच्या तरी दारात पळत होतो, हे वाटेत ध्यानात आलं, पण तोवर निम्मा रस्ता झाला होता.

पोचलो तेव्हा होडी काठापासून बरीच आत गेली होती. भिमाजी वल्हवत होते, बाई जाळं सोडत होत्या. मी हात उंच करून हाक मारली. बाईंनी मान वळवली, ओळखलं, आणि पाण्यावरून त्यांचा आवाज आला.

"भाऊ, आजचं हाय का उद्याचं?"

मी विचार केला. खरंच विचार केला. बैठक परवा होती.

"उद्याचं," मी ओरडलो.

"मंग उद्या या."

त्यांनी पाठ फिरवली आणि जाळ्याची पुढची घडी पाण्यात सोडली. भिमाजींनी वल्हं मारलं. चपलांचे ठोकळे एकेक करून पाण्यावर येत गेले, आणि थोड्या वेळानं दोघं नीट दिसेनासे झाले. मी काठावरच्या दगडावर बसून राहिलो. पत्राची मला काळजी वाटत नव्हती. ते बाईंच्या उद्याच्या गठ्ठ्यात गेलं होतं, आणि त्या गठ्ठ्यातलं काही बाई विसरल्याचं मला आठवत नाही.